दिल्लीचा खण, पणजीचा खण: म्हापशातल्या एका अर्जलेखनाच्या दुकानाविषयी

म्हापशाच्या बाजारपेठेतून वर जाणाऱ्या रस्त्याला, औषधांचे दुकान आणि चष्म्याचे दुकान यांच्यामधल्या बोळात, अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि भाषांतरे करून देणारी एक खोली आहे. गेल्या वर्षी माझे वडील वारले आणि त्यानंतरच्या पाच महिन्यांत मी तिथून अकरा कागद करून घेतले. त्यांतले आठ पहिल्याच फेरीत स्वीकारले गेले, दोन परत आले आणि एक अजून कुठल्या तरी टेबलावर पडून आहे. पुढे दोन तक्रारी मांडायच्या असल्यामुळे दुकानाचे नाव लिहीत नाही. बारदेश तालुक्यात कागदपत्रांसाठी ज्यांना वणवण करावी लागते त्यांना ते दोन माणसांना विचारून सापडेल.

आत शिरल्यावर संगणकाच्या मागच्या भिंतीला एक लाकडी खणांची मांडणी लावलेली दिसते. ती पूर्वी एका होमिओपॅथी डॉक्टरांची होती, आणि औषधांच्या चिठ्ठ्यांचा डिंक काही खणांवर अजून पिवळा होऊन चिकटलेला आहे. वरच्या ओळीत चार खण आहेत. पहिल्यावर 'दिल्ली', दुसऱ्यावर 'पणजी' आणि तिसऱ्यावर 'पंचायत-पालिका' अशा शाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. चौथ्यावर चिठ्ठी नाही, आणि सर्वांत जास्त कागद त्याच खणात कोंबलेले असतात. दुकान चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या आहेत, सगळे त्यांना ताई म्हणतात. मी वडिलांच्या आजारपणापासून हकिकत सांगू लागलो तेव्हा त्यांनी मला शांतपणे थांबवले आणि विचारले, "सर, हें काम खंयच्या सरकाराचें?"

मी एकतीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले आहे. 'केंद्र व राज्य यांच्यातील अधिकारविभागणीच्या तीन सूचींची नावे लिहा' हा तीन गुणांचा प्रश्न मी स्वतः कितीतरी वेळा काढला आणि तपासला असेल. तरीही आईच्या नावावर घर करायचे, निवृत्तिवेतन करायचे, बँकेचे खाते आणि विजेचा मीटर करायचा, यांतले कोणते काम कोणत्या सरकारचे, हे मला त्या दिवशी धड सांगता आले नाही. ताईंनी माझ्या हातातली पिशवी रिकामी केली आणि पत्ते वाटावेत तशा सफाईने कागद खणांत टाकले. निवृत्तिवेतन दिल्लीच्या खणात गेले, कारण वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. बँकेचा अर्जही तिथेच गेला. घराखालच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा म्हणा) आणि त्यावरची नावाची दुरुस्ती पणजीच्या खणात, घरपट्टी पंचायतीच्या खणात, आणि मृत्यूचा दाखला, वारसापत्र आणि विजेचा मीटर हे तिन्ही त्या बिनचिठ्ठीच्या खणात गेले.

या दुकानाची खरी गुणवत्ता मला इथेच दिसली. टंकलेखन आणि झेरॉक्स म्हापशात दहा ठिकाणी मिळते, आणि बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न 'किती प्रती?' असा असतो. इथे पहिला प्रश्न अधिकाराचा असतो, आणि तो बरोबर सोडवला की पुढच्या निम्म्या फेऱ्या वाचतात. आपल्या घटनेच्या अनुच्छेद 246 ने विषयांची जी वाटणी केली आणि सातव्या अनुसूचीत जी मांडून ठेवली, तिचीच ही लाकडी आवृत्ती आहे. घटना 26 जानेवारी 1950 रोजी लागू झाली तेव्हा संघसूचीत 97, राज्यसूचीत 66 आणि समवर्ती सूचीत 47 नोंदी होत्या. बँकव्यवहार आणि केंद्राची निवृत्तिवेतने संघसूचीत आहेत. जमीन आणि स्थानिक स्वराज्य राज्यसूचीत आहे. जन्ममृत्यूची नोंदणी, वारसाहक्क आणि वीज समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यांवर दोन्ही सरकारांना कायदा करता येतो आणि दोन्ही कायद्यांचा मेळ बसला नाही तर सर्वसाधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. ज्या विषयाचे नाव तिन्ही सूचींत नाही तो अनुच्छेद 248 प्रमाणे संसदेकडे जातो. ताईंच्या मांडणीत पंचायतीला स्वतंत्र खण आहे, घटनेच्या सातव्या अनुसूचीत तो नाही. पंचायतींचे 29 विषय अकराव्या अनुसूचीत आहेत, ती 73व्या घटनादुरुस्तीने आली, आणि त्यांतले प्रत्यक्षात किती अधिकार खाली द्यायचे हे राज्याच्या मर्जीवर राहिले. खणाची चिठ्ठी त्या बाबतीत घटनेपेक्षा उदार आहे.

चौथ्या खणाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझे सर्वांत अवघड काम तिथेच होते. गोव्यात मालमत्तेचा वारसा पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने चालतो. 1867 ची ती संहिता 1870 मध्ये इथे लागू झाली. 19 डिसेंबर 1961 नंतर पोर्तुगीज गेले, पण 1962 च्या संसदीय कायद्याने जुने कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले, आणि पुढे वारसा व विशेष नोटरी (वारसापत्रे करणारे सरकारी अधिकारी) यांच्याविषयीचा भाग गोवा विधानसभेने 2012 च्या कायद्यात नव्याने बांधला. वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि म्हणून आईचा अर्धा वाटा वडिलांकडून आलेला वारसा नसून तो पहिल्यापासून तिचाच असतो. आम्हा भावंडांना वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची. ही गोष्ट गोव्यातल्या कोणाही सुजाण माणसाला ठाऊक असते, पण परराज्यातून बदलून आलेल्या एका बँक अधिकाऱ्याला ती ठाऊक नव्हती (बँकेचे नाव घेत नाही, त्या अधिकाऱ्याचा तसा दोषही नव्हता). त्यांनी देशात इतरत्र मागतात तसे न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र मागितले. ताईंनी विशेष नोटरीपुढे झालेल्या वारसापत्राला अर्ध्या पानाचे टिपण जोडले आणि त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालाचा उल्लेख केला, ज्यात ही संहिता आता भारतीय कायद्याचाच भाग आहे आणि गोव्याच्या अधिवासी माणसाच्या गोव्याबाहेरील भारतातल्या मालमत्तेलाही ती लागू होते असे ठरले. त्या अर्ध्या पानाने काम झाले. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हेही नमूद करतो.

सरकार ठरले की दुसरा प्रश्न भाषेचा. इथे दुकानाची पद्धत ठाम आहे: पणजी आणि पंचायतीच्या खणातला अर्ज मराठीत, दिल्लीच्या खणातला इंग्रजीत, आणि चौथ्या खणातल्या कागदाच्या बाबतीत तो ज्या टेबलावर जाणार त्या टेबलाचा अंदाज घेऊन. पद्धत व्यवहारी आहे, पण तिच्या मागे जो कायदा आहे तो मराठी वाचकाने नीट समजून घ्यावा असा आहे. अधिकारांची वाटणी सातव्या अनुसूचीत झाली, भाषेची वाटणी घटनेच्या सतराव्या भागात निराळ्या सुरीने झाली, आणि दोन्ही काप एकमेकांवर जुळत नाहीत. अनुच्छेद 343 ने देवनागरीतील हिंदीला संघाची राजभाषा केले; इंग्रजी पंधरा वर्षांनी, म्हणजे 1965 मध्ये जायची होती, ती 1963 च्या राजभाषा कायद्याने आणि त्याच्या 1967 च्या दुरुस्तीने राहिली. अनुच्छेद 345 ने राज्याची राजभाषा ठरवण्याचा हक्क राज्याच्या विधानमंडळाला दिला, आणि ती एकच असावी असेही म्हटलेले नाही. राष्ट्रभाषा नावाची वस्तू घटनेत कुठेच नाही. वर्गात हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे आणि दर वर्षी एखादा पालक येऊन ते चुकीचे असल्याचे सांगत असे.

गोव्याने आपला राजभाषा कायदा 4 फेब्रुवारी 1987 रोजी विधानसभेत संमत केला, आणि त्यानंतर चारच महिन्यांत, 30 मे 1987 रोजी, गोवा भारताचे 25वे राज्य झाले. त्या कायद्याने देवनागरीतील कोकणी ही राजभाषा ठरली, आणि मराठी सर्व किंवा काही शासकीय कामांसाठी वापरता येईल असे म्हटले. 'सर्व किंवा काही' या तीन शब्दांवर आमच्याकडे किती सभा आणि किती निवेदने झाली आहेत याचा हिशेब ठेवणे कठीण आहे. मराठीला नि:संदिग्ध राजभाषेचा दर्जा द्या ही मागणी आजही उभी आहे. मला स्वतःला त्या शब्दांचा राग येतो आणि उपयोगही होतो. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर देण्याचे शासनाचे धोरण आहे, आणि त्या धोरणाच्या आधारावरच या दुकानाचा पणजीचा खण चालतो. माझ्या एका अर्जाला एका राज्य कार्यालयाने इंग्रजीत उत्तर पाठवले. ताईंनी त्यावर चार ओळींचे मराठी स्मरणपत्र लिहिले, ज्यात तक्रारीचा सूर नव्हता, फक्त 'उत्तर मराठीत मिळाल्यास आईला वाचता येईल' असे म्हटले होते. तीन आठवड्यांनी दोन ओळींचे मराठी उत्तर आले. 'फेरफार' हा शब्द त्यात 'फेरफर' असा पडला होता, पण आईने तो कागद स्वतः वाचला.

एक गंमत इथे सांगितली पाहिजे. अनुच्छेद 348 मुळे विधेयकांचा आणि कायद्यांचा अधिकृत मजकूर इंग्रजीत असावा लागतो, आणि राज्याने दुसरी भाषा ठरवली तरी इंग्रजी भाषांतरच अधिकृत धरले जाते. म्हणजे कोकणी आणि मराठी यांना जागा देणाऱ्या आमच्या कायद्याचा अर्थ लावायचा झाला तर उघडायचे पान इंग्रजीच.

दिल्लीच्या खणातली भाषा आणखी वेगळी आहे. केंद्राच्या 1976 च्या राजभाषा नियमांनी देशाचे क, ख आणि ग असे तीन विभाग केले आहेत. हिंदी भाषक राज्ये 'क' मध्ये. महाराष्ट्र, गुजरात, पंजाब 'ख' मध्ये. आणि गोवा उरलेल्यांबरोबर 'ग' मध्ये. 'ग' विभागातल्या राज्याला किंवा व्यक्तीला केंद्राचे कार्यालय इंग्रजीत लिहिते. मात्र हिंदीत आलेल्या पत्राला, ते कुठूनही आलेले असो, हिंदीतच उत्तर द्यावे लागते. पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला गेले की बोली बदलत नाही, माशांचे कालवणही फारसे बदलत नाही, फक्त दिल्लीच्या वहीतले अक्षर 'ग' चे 'ख' होते. आईचे कुटुंब निवृत्तिवेतनाचे पत्र घेऊन मी एका केंद्रीय कार्यालयात गेलो, तेव्हा मराठी अर्ज पाहून तिथल्या गृहस्थांनी अतिशय सौजन्याने तो परत दिला आणि म्हणाले, "हिंदी चलेगी, इंग्लिश चलेगी." दुकानाने आधीच इंग्रजी प्रत जोडून दिली होती म्हणून ती फेरी वाया गेली नाही.

आता पहिली तक्रार. दुकानाच्या दारावर एक छापील कागद चिकटवलेला आहे: 'घटनेच्या कलम 350 प्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयाने मराठी अर्ज स्वीकारलाच पाहिजे.' हे वाचून गिऱ्हाईक आत येते, आणि मीही तसाच आत गेलो. परंतु अनुच्छेद 350 चा हक्क गाऱ्हाणे दूर करून मागण्याच्या निवेदनापुरता आहे. असे निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. कोणताही नमुना फॉर्म कोणत्याही भाषेत भरता येईल असे तो म्हणत नाही, आणि उत्तर त्याच भाषेत मिळेल असेही म्हणत नाही. निवृत्तिवेतनाचा मूळ अर्ज आणि निवृत्तिवेतन अडले म्हणून केलेली तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी मराठीत देण्याचा माझा हक्क पहिलीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. मी हे ताईंना समजावले. त्यांनी ऐकून घेतले, मान डोलावली, आणि कागद आजही दारावर आहे. जाहिरातीचा कागद म्हणून तो आकर्षक असेल, पण अधिकारांची इतकी बारीक जाण असलेल्या दुकानाच्या दारावर तो शोभत नाही.

दुसरी तक्रार तांत्रिक आहे आणि तिने माझे दोन आठवडे खाल्ले. दुकानातला जुना संगणक मराठी मजकूर अजून युनिकोडपूर्व फाँटमध्ये छापतो. कागदावर अक्षर सुरेख उमटते, पण तोच मजकूर ई-मेलने पाठवला की पलीकडे इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा सडा पडलेला दिसतो. माझे एक निवेदन असेच गेले आणि 'कृपया वाचनीय प्रत पाठवावी' असे उत्तर आले. मराठी चालत नाही म्हणून तो कागद परत आला असे मी दोन दिवस रागाने सांगत फिरलो होतो, हे इथे कबूल करतो. नवा संगणक आहे, त्यावर ताईंचा भाचा काम करतो आणि तो फक्त दुपारनंतर असतो. ज्यांना मजकूर ऑनलाइन भरायचा आहे त्यांनी त्याच वेळी जावे.

परत आलेला दुसरा कागद वडिलांच्या नावामुळे आला, आणि त्यात दुकानाचा दोष निम्माच आहे. वडिलांचा जन्म 1938 चा. त्यांची जन्मनोंद पोर्तुगीज लिपिकाने केली, आणि तिथे ते 'वामोना' आहेत. गावच्या मराठी शाळेच्या दाखल्यात ते वामन झाले. 1962 च्या नागरिकत्व आदेशाने भारतीय झाल्यावर केंद्राच्या सेवापुस्तकात त्यांच्या नावाच्या सुरुवातीला डब्ल्यू हे अक्षर आले, आणि जमिनीच्या कागदावर मात्र व्ही आहे. एका माणसाला चार राजवटींच्या आणि कार्यालयांच्या हाताने मिळालेली ही चार नावे जुळवण्यासाठी 'तिन्ही-चारही नावे एकाच व्यक्तीची' असे प्रतिज्ञापत्र करावे लागते, आणि गोव्यात माझ्या वयाच्या बहुतेक हिंदू घरांतून असा एक तरी कागद निघेल. दुकानाने पोर्तुगीज नोंदीचे भाषांतर करून दिले, एका पानाला 400 रुपये घेतले, आणि हस्ताक्षरातले गावाचे नाव चुकीचे वाचले. चूक दाखवल्यावर पान फुकट बदलून मिळाले, परंतु त्यासाठी पणजीला घातलेली फेरी कोण बदलून देणार?

त्या पोर्तुगीज भाषांतराची वाट पाहत बाकावर बसलो असताना शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचा मुलगा माँट्रियालला असतो आणि त्यांना काही दाखले फ्रेंचमध्ये हवे होते. ताईंनी त्यांना स्पष्ट सांगितले की फ्रेंचचे काम इथे होत नाही, आणि दुसरीकडे पाठवल्याचे पैसेही घेतले नाहीत. त्या अर्ध्या तासात त्यांच्याकडून जे ऐकले आणि मला जे आधीपासून ठाऊक होते, त्याची सांगड घालताना माझी करमणूक झाली आणि थोडा हेवाही वाटला. मुलाला स्थायिक होण्यासाठी दोन सरकारांचे कागद लागले: क्यूबेक प्रांताने आधी त्याची निवड केली आणि मग कॅनडाच्या केंद्र सरकारने त्याला प्रवेश दिला, कारण आपले स्थलांतरित निवडण्यात क्यूबेकने 1991 च्या कराराने मोठा वाटा मिळवला आहे. कॅनडात केंद्राचे विषय 1867 च्या घटनाकायद्याच्या 91व्या आणि प्रांतांचे 92व्या कलमात दिले आहेत. उरलेले अधिकार आपल्यासारखेच केंद्राकडे आहेत. केंद्र सरकार 1969 च्या कायद्यापासून इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत चालते, क्यूबेकचा कारभार 1977 च्या भाषा सनदेपासून फ्रेंचमध्ये, आणि दहा प्रांतांपैकी घटनेनेच द्विभाषक असलेला न्यू ब्रन्सविक हा एकच.

यात मला खुपले ते असे. क्यूबेकलाही आमच्यासारखीच वेगळी नागरी संहिता आहे, तिचा उगम फ्रेंच, आमचीचा पोर्तुगीज. पण मालमत्ता आणि नागरी हक्क हा विषय कॅनडात प्रांताच्या यादीत आहे, त्यामुळे ओटावातल्या केंद्र सरकारला ती संहिता पुसता येत नाही. आमचा वारसाहक्क समवर्ती सूचीत आहे. संसदेने मनात आणले तर माझ्या आईचा पहिल्यापासूनचा अर्धा वाटा वेगळ्या शब्दांत लिहिता येईल. संहिता टिकली आहे ती दिल्लीने तिला हात न लावल्यामुळे. बाकावरच्या गृहस्थांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की त्यांच्या मुलाला तिथे थंडीचाच जास्त त्रास होतो. स्वित्झर्लंडमध्ये तर कँटनाची राजभाषा कँटनच ठरवते आणि उरलेले अधिकारही कँटनाकडेच असतात. बेल्जियमने 1962-63 मध्ये कायद्याने भाषेची सीमारेषाच आखली. आमच्याकडे यांपैकी काहीच सरळ झाले नाही.

सरळ झाले नाही याचे उत्तम उदाहरण आम्हीच आहोत. 1956 च्या राज्य पुनर्रचनेने आणि 1 मे 1960 च्या महाराष्ट्र-गुजरात विभागणीने भाषा हा राज्याच्या सीमेचा पाया झाला; गोव्यात मात्र 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाने मराठीच्या मोठ्या राज्यात जायचे नाही असे ठरले. फूल ही विलीनीकरणाची खूण आणि दोन पाने ही वेगळे राहण्याची. पानांना 1,72,191 मते आणि फुलाला 1,38,170. तो कौलही संसदेने कायदा करून घेतलेला, कारण अनुच्छेद 3 प्रमाणे राज्यांच्या सीमा ठरवण्याचा शेवटचा शब्द संसदेचा आहे, त्या राज्याचे मत विचारावे लागते पण मानावे लागत नाही. वडील त्या दिवशी रांगेत उभे होते. त्यांनी फुलाला मत दिले की पानांना, हे आम्हाला शेवटपर्यंत सांगितले नाही. घरात कोकणी बोलायचे, पत्रे मराठीत लिहायचे, नोकरी इंग्रजीत करायचे आणि जन्माचा दाखला पोर्तुगीजमध्ये जपून ठेवायचे.

दराविषयी: टंकलेखनाला पानामागे 60 रुपये, प्रतिज्ञापत्राचा मसुदा 150, पोर्तुगीज भाषांतर वर सांगितल्याप्रमाणे. मुद्रांकाचा आणि नोटरीचा खर्च वेगळा आणि तो आधी सांगतात. मसुद्याचा दर थोडा चढा वाटतो, पण स्वस्तात केलेला आणि चुकीच्या खिडकीवर गेलेला मसुदा मी बघितला आहे, म्हणून तक्रार करत नाही. मराठी शुद्ध असते. क्वचित 'मागणी करण्यात येत आहे' असली सरकारी वळणे डोकावतात, ती सांगितल्यावर काढून टाकतात. बसायला एक बाक आणि दोन खुर्च्या आहेत, पंखा जुन्या संगणकाकडे तोंड करून असतो. शुक्रवारी बाजार असतो, त्या दिवशी जाऊ नये. बोळात मिरचीच्या आणि सुक्या मासळीच्या टोपल्या लागतात आणि कागद हातात धरून उभे राहणेही कठीण होते. जाताना मूळ नोंदी न्याव्या, झेरॉक्स नको, कारण ताई मूळ कागद उजेडात धरून वाचतात आणि कार्यालयाचा शिक्का कोणाचा, यावरून खण ठरवतात.

माझा अकरावा कागद त्या बिनचिठ्ठीच्या खणातला आहे. विजेचा मीटर आईच्या नावावर व्हायचा बाकी आहे. अर्ज गेला, पोच मिळाली, त्यानंतर काही कळलेले नाही. बिल दर महिन्याला वडिलांच्या नावाने येते आणि मी ते भरतो. त्यावर त्यांचे नाव व्ही ने आहे.